भांगाचे सोमवार

आमच्या कार्यालयात समुद्राला वार ठरवून दिला होता. दर दुसरा सोमवार. त्याचं कारण समुद्रात नव्हतं, जीपमध्ये होतं. एकच जीप तीन विभागांत वाटलेली, आणि आमच्या वाट्याला ती एका सोमवाराआड यायची. त्या सकाळी मी आणि ड्रायव्हर अंधेरीहून निघायचो आणि खाडीच्या तोंडाशी असलेल्या कोळीवाड्यात उतरायचो. किती होड्या आल्या, किती जाळी पाण्यात होती, कोणती मासळी किती टोपल्या, हे मी लिहून घ्यायचे. त्यावरून वरचे लोक ठरवायचे की समुद्रात मासळी किती उरली आहे, वाढते आहे की कमी होते आहे. कामाचं नाव मोठं होतं, साठ्याचं मूल्यमापन. ते चालायचं मात्र माझ्या पेन्सिलीवर आणि जीपच्या डिझेलवर.

ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. मी तिशीच्या आतली, नोकरी नुकतीच कायम झालेली. आता पन्नाशी उलटली तरी एक सवय तीच आहे. सकाळी उठल्यावर पहिली यादी, मग चहा. घरचे हसतात. हसू देत. यादी केली की निम्मं काम डोक्याबाहेर जातं आणि उरलेलं सुचायला जागा होते.

तर सोमवारची माझी यादी अशी असायची: तक्ता, पेन्सिली, वजनकाटा, बादली, थर्मामीटर, पाण्याच्या बाटल्या. शेवटच्या तीन गोष्टी कोणी मागितल्या नव्हत्या. म्हणजे प्रशिक्षणात सांगितलं होतं की मासळीबरोबर पाण्याचं तापमान आणि खारटपणाही पाहावा, कारण मासा पाण्यात राहतो. पण तक्त्यात त्याला रकाना नव्हता. मी बादलीत थर्मामीटर बुडवून आकडा 'शेरा' नावाच्या शेवटच्या अरुंद रकान्यात घालायचे आणि बाटलीला चिठ्ठी लावून कार्यालयाच्या फळीवर ठेवायचे. खारटपणा तपासायचं रसायन मागवलं होतं. ते येणारच होतं. एका तपासणीच्या आदल्या दिवशी शिपायाने फळी साफ केली आणि बाटल्या धुऊन पिण्याच्या पाण्यासाठी मांडल्या. रसायन त्यानंतरही आलं नाही, तेव्हा तसं पाहिलं तर नुकसान काहीच झालं नाही.

कोळीवाड्यात माझी बसायची जागा एका मावशीच्या ओट्यावर होती. मी तिला मावशी म्हणायचे, ती मला पोरी म्हणायची, आणि फार चिडली तर 'सरकार'. नवरा कधीच गेलेला, थोरला मुलगा होडीवर. घरची दोन डोलजाळी होती. डोलजाळं म्हणजे लांबच लांब पिशवी. समुद्राच्या तळात खुंट रोवायचे, त्यांना पिशवीचं तोंड बांधायचं आणि वाट पाहायची. पाणी धावलं की ते मासे आणून पिशवीत टाकतं. होडी माशामागे जात नाही, पाणी माशाला घेऊन येतं. त्या धंद्याचं सगळं गणित या एका वाक्यात आहे.

आणि म्हणूनच पाणी धावत नसेल त्या दिवसांत डोलजाळी काढून ठेवतात. पुनवेला, अवसेला उधाण. पाण्याला जोर असतो, घरातली सगळी माणसं कामाला. अष्टमीच्या पुढेमागे भांग. भरती धड चढत नाही, ओहोटी धड उतरत नाही, पिशवी भिजल्या सदऱ्यासारखी लोंबत राहते. मग जाळी वर घेऊन वाळवायची, उसवलेली सांधायची, लग्नं उरकायची. हे काही मोठं गुपित नव्हे. सातवीच्या भूगोलात उधाणाची भरती, भांगाची भरती असा धडा असतो. आमचं घर मूळचं वेंगुर्ल्याकडचं, वडील गिरणीत, आम्ही जोगेश्वरीला दोन खोल्यांत. समुद्र दिसत नव्हता, तरी आई भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघूनच बाजाराची पिशवी उचलायची.

"आज धाव्वी," ती म्हणायची, म्हणजे दशमी. "आज ताजे मासे खयचे मेळतले? सुके बोंबील काढ."

कार्यालयातही भिंतीवर कॅलेंडर होतं. सरकारी. त्यात सुट्ट्या लाल होत्या, तिथी नव्हत्या.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि माझ्या लक्षात आलं की मी जाते तेव्हा किनाऱ्यावर जाळी वाळतच असतात. एकदा झालं, दुसऱ्यांदा झालं. तिसऱ्या खेपेला मावशी ओट्यावरून ओरडलीच.

"आयलीस गो? तुमचा साहेब भांगाचाच कसा धाडतो तुला? उधानाला त्याचे पोटात दुखतं काय?"

"जीप सोमवारी असते, मावशी."

"मंग दर्याला सांग, सोमवारी धावत जा म्हनून."

बाजूला जाळं सांधत बसलेल्या तिच्या मुलाने मान वर न करता म्हटलं, "आये, सरकारचा दर्या वेगला असंल."

मी घरी येऊन आईचं कॅलेंडर काढलं आणि मागचे पुढचे सगळे सोमवार त्यावर टिंबं देऊन पाहिले. गंमत सरळ होती. उधाण-भांगाचं चक्र पंधरवड्याहून जेमतेम पाऊण दिवस मोठं. दर दुसऱ्या सोमवारी गेलं की पाणी प्रत्येक खेपेला तेवढंच सरकतं. म्हणजे एकदा भांगात पाय पडला की तो दोन-अडीच महिने बाहेर निघत नाही. कार्तिकापासून पौषापर्यंत, ऐन हंगामात, माझा प्रत्येक सोमवार भांगाचा होता. आणि आदल्या वर्षी त्याच महिन्यांतले सोमवार उधाणाच्या अंगाला होते. दोन वर्षांचे तक्ते शेजारी ठेवले तर कुणालाही वाटावं, समुद्र रिकामा झाला.

म्हणून मी शेऱ्यात प्रत्येक भेटीपुढे, प्रत्येक बंद जाळ्यापुढे एकच शब्द लिहायला लागले. भांग. रकाना अरुंद होता, दुसरं काही मावलंही नसतं.

आमचे साहेब घाटावरचे. माणूस वाईट नव्हता. वेळेवर यायचे, आवाज चढवायचे नाहीत, डबा सगळ्यांना वाटून खायचे. त्यांनी मला बोलावून तक्ता पुढे सरकवला.

"बाई, हे काय लिहिलंत?"

"भांग, साहेब."

"ते वाचलं मी. अहो, कोळी लोक घेतात हे कुणाला माहीत नाही? पण सरकारी तक्त्यात असं लिहितात का? उद्या मोर्चा येईल आपल्यावर."

मला कळायला एक क्षण लागला. मग मी म्हटलं, "साहेब, ती भांग नाही. तो भांग. उधाणाच्या उलटा. पाणी मंद असतं म्हणून जाळी बंद आहेत."

ते इतके हसले की डोळे पुसावे लागले. जेवणाच्या सुट्टीत त्यांनीच तो किस्सा सगळ्यांना सांगितला. शेजारच्या टेबलावरचा कारकून त्यानंतर बरेच दिवस मी दिसले की "काय बाई, आज ती का तो?" असं विचारायचा. "वाट लावलीस यार कोळ्यांची," असंही म्हणायचा. मीही हसायचे. तेव्हा खरंच हसू यायचं.

हसून झाल्यावर मी साहेबांना म्हटलं, की मग भेटींचे दिवस बदलू या. एक पंधरवडा उधाणाला, एक भांगाला. म्हणजे खरा अंदाज येईल.

"आणि जीप?"

"मी बसने जाईन. स्टेशनवरून थेट बस आहे."

"बसने गेलात तर ती भेट अधिकृत धरायची कशी?"

मी तरी गेले. पौषातल्या पुनवेनंतर, गुरुवारी, रजा टाकून. किनारा ओळखू येत नव्हता. पाटीवर पाटी उतरत होती, बोंबील, जवळा, करंदी. बायकांच्या आरोळ्यांत माझा आवाज मला ऐकू येईना. मावशीने मला बघितलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आज लिव सरकार! आज हात दुखंतवर लिव!" मी लिहिलं. साहेबांनी तो कागद नीट वाचला, चांगला आहे म्हणाले आणि परत दिला. वेळापत्रकाबाहेरची भेट धरली तर मागच्या वर्षीशी तुलना करता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. हे म्हणणं त्यांनी मनापासून मांडलं, हे मला अजून आठवतं.

"निदान शेरा तरी धरा," मी म्हटलं.

"शेऱ्याची बेरीज होत नाही, बाई."

तक्ते वर गेले. वर म्हणजे मुख्य कार्यालयात. तिथे सगळ्या किनाऱ्याचे मराठी तक्ते इंग्रजीत उतरवून त्यांचा एक अहवाल व्हायचा. उन्हाळ्याच्या सुरुवातीला तो आमच्याकडे आला. त्यात लिहिलं होतं की या खाडीच्या तोंडाशी मासळीचा साठा झपाट्याने खालावला आहे, तेव्हा जाळी कमी करणं आवश्यक. कुठली जाळी कमी करायची? पाहणीच्या दिवशी जी वारंवार बंद आढळली ती, कारण ती वापरात नाहीत. आणि ती बंद का? तेही लिहिलं होतं. मच्छीमारांच्या व्यसनाधीनतेमुळे.

कुणीतरी कोशात माझा शब्द शोधला असणार. सापडला तो घेतला असणार. शेऱ्याची बेरीज होत नव्हती, भाषांतर मात्र झालं होतं.

वगळायच्या परवान्यांत मावशीच्या मुलाचं नाव होतं. दोन्ही जाळी.

परवाना म्हणजे कागद, गेला तर पुन्हा मिळेल, असं कुणाला वाटेल. तसं नव्हतं. समुद्रात खुंटाच्या जागा घराघरांच्या ठरलेल्या होत्या, शेतासारख्या. मावशीच्या घराची जागा तिच्या आजेसासऱ्याच्या वेळची, खाडीचं पाणी वळतं तिथली. आणि वाड्याचा रिवाज असा, की एक हंगामभर ज्या जागेवर खुंट उभा राहिला नाही ती जागा सुटली. मग ज्याला गरज असेल तो रोवतो, पंचायत हरकत घेत नाही. रिवाज चांगलाच होता, उगाच कुणी जागा अडवून बसू नये म्हणून केलेला. पण एक हंगाम परवाना नाही म्हणजे एक हंगाम खुंट नाही, आणि एक हंगाम खुंट नाही म्हणजे जागा कायमची गेली.

मी अहवाल घेऊन साहेबांकडे गेले. त्यांनी तो परिच्छेद दोनदा वाचला. या वेळी हसले नाहीत.

"चूक आहे," ते म्हणाले.

"मग कळवू या."

"वरून आलेलं खाली दुरुस्त कसं करायचं, बाई?"

मी टिपण तयार केलं. एका बाजूला आमच्या भेटी, दुसऱ्या बाजूला त्या दिवसाची तिथी. साहेब म्हणाले, तिथी काढा, नाहीतर म्हणतील पंचांग बघून मासे मोजतात. मी तिथी काढल्या. बंदराच्या छापील भरती-ओहोटीच्या कोष्टकातून पाण्याच्या उंचीचे आकडे घातले. तीच गोष्ट, पण आता शास्त्रीय झाली. त्यांनी सही केली, परिशिष्ट म्हणून जोडून पाठवलं. उत्तर आलं, नोंद घेण्यात आली. नोंद कुठे घेतली, ते आलं नाही. सोबत एवढंच होतं की ज्यांची हरकत असेल त्या परवानाधारकांची स्थानिक पातळीवर सुनावणी घ्यावी.

ही सुनावणी म्हणजे शेवटची वाट होती. साहेबांनाही ते कळत होतं. त्यांनी स्वतः मला बोलावलं आणि भरतीचं कोष्टक मागून घेतलं. मला बरं वाटलं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा त्या कार्यालयात कुणीतरी समुद्र बघून तारीख ठरवत होतं.

"भांगाची धरा, साहेब," मी म्हटलं.

"छे छे! पुन्हा भांग?" त्यांनी माझ्याकडे नवल करून पाहिलं. "भांगाला जाळी बंद असतात हे तुम्हीच मला शिकवलंत ना? वरचे अधिकारी येणार. त्यांना बंद जाळी दाखवायची का? उधाणाला बोलावू. सगळे कामावर असतील, किनारा भरलेला दिसेल, बोलायची गरज पडणार नाही."

"सगळे कामावर असतील म्हणजे पाण्यात असतील, साहेब. सुनावणीला कोण येईल?"

"नोटीस आहे. येतील की. स्वतःच्या परवान्यासाठी येणार नाहीत?"

आणि त्यांनी पुनवेचा दुसरा दिवस लिहिला. सकाळी अकरा.

मी संध्याकाळी बसने कोळीवाड्यात जाऊन मावशीला सांगितलं. मुलाला त्या दिवशी थांबवून ठेव.

"कशाला?" ती म्हणाली. "मी हाय ना."

"परवाना त्याच्या नावावर आहे."

"नाव त्याचा असंल. बोलायला मीच जाते सगलीकडे. तो पान्यातला मानूस, त्याला काय बोलता येतंय?"

हे खरं होतं. त्या वाड्यात होडीने किनारा गाठला की पुरुषाचं काम संपायचं. पुढचं सगळं, विकणं, भांडणं, मच्छीमार सोसायटीत जाणं, मुलांच्या शाळेत जाणं, बायकांचं. मावशीने आयुष्यभर घराच्या वतीने एकटीने तोंड चालवलं होतं आणि एकदाही हरली नव्हती. मुलगा जमिनीवर बोलायला थांबला असता तर वाड्यातल्या लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं, तेही ऐन उधाणाचं पाणी सोडून. मी पुन्हा पुन्हा सांगितलं. ती माझ्या पाठीवर हात फिरवून म्हणाली, "तू घाबरट हायस गो पोरी. जेवून जा."

सुनावणी सोसायटीच्या पत्र्याच्या खोलीत झाली. वरून आलेले अधिकारी टेबलामागे, साहेब बाजूला, मी हजेरी घ्यायला. समोर सगळ्या बायका. नऊवारी नेसलेल्या, केसांत अबोली, घरचं कार्य असल्यासारख्या नटून आलेल्या. पुरुष दोनच, दोन्ही म्हातारे, दोघांच्याही नावावर काही नव्हतं.

अधिकाऱ्यांनी मावशीच्या मुलाचं नाव पुकारलं. मावशी उठली.

"मी त्याची आई."

"परवानाधारक कुठे आहेत?"

"पान्यात."

"नोटीस मिळाली नव्हती?"

"मिळली ना. मंग मी आले ना."

"परवानाधारकाने स्वतः यायला हवं."

"अरे बाबा, बाहेर बघ जरा." तिने दाराकडे हात केला. "पानी धावतंय. आज जाली भरतान. तो काय तुजी वाट बघत बसंल? तुमीच लिवलंय ना, आमची जाली बंद असतान म्हनून? आज चालू हायत. जा, मोज!"

बायका हसल्या. साहेबही हसले, आशेने. अधिकारी म्हणाले, आज पाहणी नाही, आज सुनावणी आहे.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय लिहिलंत?"

मी नावापुढे 'पाण्यात' लिहिलं होतं.

"उपस्थित किंवा अनुपस्थित. दोनच." त्यांनी कागद माझ्या हातून घेतला आणि स्वतः दुरुस्त केला. असं एकामागून एक सगळ्या नावांपुढे झालं. मावशी शेवटपर्यंत उभी होती. तिला बसा म्हणायचं कुणाला सुचलं नाही, आणि तिलाही अजून काही संपलंय असं वाटत नव्हतं. बाहेर येताना तिने मला विचारलं, "बरा बोलले ना मी?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

परवाने गेले. हरकतदार अनुपस्थित, हरकत नाही.

नारळी पुनवेनंतर इतर होड्या निघाल्या. मावशीच्या घरातला खुंट त्या हंगामात ओट्याला टेकूनच राहिला आणि पुढच्या हंगामात त्या जागेवर दुसऱ्याचा उभा होता. त्या माणसावर कुणी रागावलं नाही. त्याने रिवाज मोडला नव्हता. मुलगा आधी दुसऱ्याच्या होडीवर गेला, मग मरोळच्या एका कारखान्यात पहारेकरी लागला. मावशी भाऊच्या धक्क्यावरून माल आणून अंधेरीच्या बाजारात बसू लागली. दुसऱ्यांची मासळी, कुठल्या पाण्यातली ते तिलाही ठाऊक नसे.

साहेबांची बदली झाली. निरोप समारंभात त्यांनी 'ती का तो' हा किस्सा पुन्हा सांगितला. लोक पुन्हा हसले. मी समोशाच्या बशा मोजत होते, ते काम माझ्याकडे होतं.

आणि दशक संपता संपता नवा तक्ता आला. जाड कागदावर, सुबक छापलेला. पाण्याचं तापमान, खारटपणा, वारा, पाऊस, आणि भरतीची स्थिती: उधाण किंवा भांग. प्रत्येकाला स्वतंत्र रकाना. समजावून द्यायला आलेल्या तरुण अधिकाऱ्याने फळ्यावर लिहून सांगितलं की मासळी कमी मिळाली तर ती कमी झाली आहे की त्या दिवशी पाणीच तसं होतं, हे आधी पाहायला हवं. झकास शिकवलं त्याने. मी पहिल्या रांगेत बसून सगळं उतरवून घेतलं.

संध्याकाळी बाजारात गेले. बरेच महिने मी तिच्याकडे जायचं टाळत होते, पण त्या दिवशी गेले. गिऱ्हाईक कमी होतं. मी तिला सांगितलं, की आता तक्त्यात भांगाला रकाना दिलाय.

ती बोंबील निवडत होती. हात थांबला नाही.

"लिव मंग," ती म्हणाली. "आमचे घराचा पन लिव. आमचे घरान आता रोज भांग हाय."

बोंबील तिने माझ्या पिशवीत टाकले आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईला विचारलं, "तुला काय देऊ गो?"